खेड्यात स्वसंरक्षणासाठी बंदूक: आधी दार मोजा, मग अर्ज लिहा

कलेक्टर कचेरीच्या गृह शाखेत अर्ज नेण्याआधी एक काम घरीच करून पाहा. दुनाळी बारा बोअर बंदूक साधारण पावणेचार फूट लांब असते. तेवढी काठी घ्या, कपाटात ठेवा आणि कुलूप लावा. बॅटरीचे दोन सेल दुसऱ्या खोलीतल्या पेटीत ठेवा, ती तुमची काडतुसं. दिवे घालवून नेहमीच्या जागी झोपा. घरातल्या कुणालाही, वेळ न सांगता, रात्री बाहेरचं दार वाजवायला सांगा. दार वाजल्यापासून काठी आणि सेल दोन्ही हातात येईपर्यंत किती वेळ गेला ते मोबाइलवर मोजा. किल्ली कुठे ठेवली, चष्मा कुठे गेला, मच्छरदाणीतून पाय निघतो का, लाइन गेलेली असली तर काय, हे सगळं त्या वेळेत धरलेलं असतं. एकदा नाही, तीन वेगवेगळ्या रात्री करा आणि सगळ्यात वाईट वेळ खरी माना.

मग दुसरा आकडा काढा: तुमचं दार किती वेळ टिकतं? टिनपत्र्याचं दार आणि आतून साधी कडी असेल तर पहारीचा एक हिसका पुरतो. सागवानी दाराचाही पल्ला फुटत नाही, चौकट निघते. मातीच्या भिंतीत ठोकलेली चौकट दोन लाथांत हलते. दार टिकण्याचा वेळ हत्यार हातात येण्याच्या वेळेपेक्षा कमी असेल, तर ती बंदूक तुम्ही चोरासाठी विकत घेताय. दरोडेखोराला घरात सोन्याइतकाच आनंद बंदूक सापडल्यावर होतो.

म्हणून पैसे आधी दारावर घाला. चौकटीला दोन्ही बाजूंनी तीन-तीन लोखंडी होल्डफास्ट (चौकट भिंतीत धरून ठेवणाऱ्या पट्ट्या) काँक्रीटमध्ये पक्के करा. भिंत मातीची असेल तर चौकटीलगत विटा-सिमेंटचे खांब बांधल्याशिवाय होल्डफास्टला पकड येत नाही. बिजागऱ्या आतून हव्यात. आतून आडवा लोखंडी पाइप बसेल असे दोन हूक भिंतीतच रोवा, चौकटीत नकोत. जुन्या वाड्यांतला अडसर हेच काम करायचा. अंगणात हालचालीवर पेटणारा सोलर दिवा लावा, कारण वावराजवळच्या घराला रात्री वीज असेलच याचा भरवसा नाही. आणि एक कुत्रं, ओरडणारं. चावलं नाही तरी चालेल.

११२ वर फोन लावला की पहिला प्रश्न "कुठून बोलताय" हा असतो, आणि वावरातल्या घराला पत्ता नसतो. गट नंबर सांगून गाडीवाल्याला काही कळत नाही. "अमक्या गावाहून तमक्या गावाच्या रस्त्यावर, पुलाच्या पुढे डाव्या हाताला पांदण, अर्धा किलोमीटर, हिरव्या गेटचं घर" असं एक वाक्य खडूने भिंतीवर लिहून ठेवा, म्हणजे घाबरलेलं पोरही वाचून सांगू शकेल. त्याखाली ठाण्याचा, पोलीस पाटलाचा आणि जवळच्या दोन घरांचा नंबर. सूचना सोपी आहे आणि घरोघरी हीच राहून जाते.

पांदणीवरच्या केबलचोराला नि संत्र्याच्या बागेतल्या चोराला थांबवायला काही जण कुंपणात थेट लाइन सोडतात. ते करू नका. त्या तारेला चोरापेक्षा शेजाऱ्याचा सालदार आधी चिकटतो, आणि मग सदोष मनुष्यवधाचा गुन्हा मालकावर. बॅटरीवरचं झटका मशीन वेगळं. त्याचा झटका क्षणभराचा आणि मोजका असतो.

## वाद कुठे अडतो

पारावर हा विषय निघाला की दोन बाजू ठरलेल्या. एक म्हणते, ठाणं वीस किलोमीटर लांब, गुंडांकडे कट्टे आहेत, मग सरळ माणसाने हात चोळत बसायचं का? दुसरी म्हणते, घरात बंदूक आली की भावकीच्या भांडणात आधी तीच निघते. दोघांचंही खरं आहे, म्हणून भांडण मिटत नाही.

हा वाद संविधान सभेतही झाला. १९३१ च्या कराची काँग्रेसच्या ठरावात, नियमांच्या चौकटीत शस्त्र बाळगण्याचा हक्क प्रत्येक नागरिकाला मागितलेला होता, कारण १८७८ च्या इंग्रजी शस्त्र कायद्याने हिंदी माणसाला निःशस्त्र केलं होतं. डिसेंबर १९४८ मध्ये हरि विष्णू कामत यांनी हा हक्क मूलभूत हक्कांत घालावा अशी दुरुस्ती मांडली. कामत सभेत आले होते मध्य प्रांत आणि वऱ्हाडातून, म्हणजे आपल्याच प्रांतातून. बाबासाहेबांनी विरोध केला आणि दुरुस्ती पडली. त्यामुळे आपल्याकडे बंदूक हा हक्क नाही. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखाली कारण दाखवून मिळणारी परवानगी आहे.

अमेरिकेत उलट. तिथे १७९१ ची दुसरी घटनादुरुस्ती आहे. न्यूयॉर्क राज्यात घराबाहेर पिस्तूल बाळगायला खास कारण दाखवावं लागायचं. जून २०२२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ती अट रद्द केली. म्हणजे जी अट तिथे घटनाबाह्य ठरली, तीच आपल्या लायसन्सचा गाभा आहे. मोबाइलवर येणारे तिकडचे व्हिडिओ पाहून इथे अर्ज लिहिणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं. बंदूक बाळगायची मुभा दिल्याने गुन्हे घटतात की वाढतात, यावर तिथल्या नॅशनल रिसर्च कौन्सिलच्या समितीने २००४ मध्ये सगळे अभ्यास चाळले आणि उपलब्ध पुराव्यावरून दोन्ही बाजूंनी काही ठरवता येत नाही असं सांगितलं. एका गोष्टीवर मात्र अभ्यासांचा कल एकाच बाजूला आहे: घरात बंदूक असली की आत्महत्येचा धोका वाढतो. कर्ज, नापिकी आणि दारू या तिन्ही गोष्टी जिथे घरात येऊन बसल्या आहेत, त्या विदर्भात हे बाजूला सारून चालणार नाही. घरात कुणी खचलेलं असेल तर अर्ज पुढे ढकला आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा. लायसन्सची बंदूक आधीच असेल तर ती काही काळ ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा ठेवता येते.

आमचं मत विचाराल तर ते असं: रोजची रोख घेऊन फिरणारा जिनिंगचा किंवा धान्याचा व्यापारी, हमरस्त्यावरचा पंपमालक, साक्षीदार म्हणून धमक्या आलेला माणूस, गावापासून तुटलेल्या वावरात कुटुंबासह राहणारा शेतकरी, यांनी विचार करावा. चार घरांच्या मध्ये राहणाऱ्याने दार करावं.

## कोणतं हत्यार

लायसन्स म्हटलं की डोळ्यापुढे रिव्हॉल्वर येतं. कानपूरच्या कारखान्याचं .३२ रिव्हॉल्वर महाग, नळी आखूड, आणि सराव नसला तर पाच-सहा मीटरवरही नेम चुकतो. त्याच्या गोळ्या महाग, म्हणून सराव होत नाही; सराव नाही म्हणून नेम नाही. घरच्या रक्षणाला बारा बोअर दुनाळी बरी. शिवाय शस्त्र अधिनियमाच्या कलम १३ मध्ये, २० इंचांपेक्षा कमी नसलेल्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीला स्वसंरक्षण किंवा खेळासाठी आणि ठासणीच्या भरमार बंदुकीला पीकसंरक्षणासाठी परवाना देताना अधिकाऱ्याने एरवीइतकं "सबळ कारण" मागायचं नाही, अशी वेगळी तरतूद आहे. रिव्हॉल्वरच्या अर्जाला ती सवलत नाही. ९ एमएम, .३८ आणि .३०३ हे तर प्रतिबंधित बोअर, म्हणजे नळीची अशी मापं जी सामान्य माणसाला परवान्यावर मिळत नाहीत. तिकडे जाऊच नका.

"बारा बोअरला नेम लागत नाही, रोखली की झालं" ही थाप आहे. छर्रे ढोबळ हिशेबाने दर मीटरला अडीच-तीन सेंटिमीटर पसरतात. ओसरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पाच मीटर धरले तर छऱ्यांचा गठ्ठा तळहाताएवढाच राहतो. नेम चुकला की सगळंच चुकलं, आणि मोठा छर्रा टिनपत्रा, कुडाची भिंत, पातळ दार पार करून शेजारच्या खोलीत जातो. तिथे कोण झोपतं ते आधी पाहून ठेवा.

जुनी बंदूक घेत असाल तर नळीच्या मागच्या भागावर कोरलेला आकडा वाचा. काही जुन्या दुनाळ्यांचं घर, म्हणजे काडतूस बसतं ती जागा, ६५ मिलीमीटरचं असतं. आजचं काडतूस ७० मिलीमीटरचं. ते त्यात बसतं, पण उडताना तोंड उघडायला जागा नसते, दाब वाढतो आणि नळी फुटू शकते. बसलं म्हणजे चाललं, हा अंदाज इथे हात घालवतो. देशी कट्ट्याबद्दल लिहायचंही कारण नाही, तरी लिहितो: विनापरवाना अग्निशस्त्र जवळ सापडलं तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान दोन आणि कमाल पाच वर्षांची शिक्षा आहे.

## अर्ज

खेड्यात परवाना देणारे जिल्हाधिकारी. नागपूर आणि अमरावती शहरात पोलीस आयुक्त. वय २१ पूर्ण हवं. २०१६ च्या शस्त्र नियमांतला नमुना ए-१ भरायचा, सोबत फोटो, जन्मतारखेचा, ओळखीचा आणि रहिवासाचा पुरावा, हत्यार सुरक्षित ठेवण्याचं हमीपत्र आणि नमुना एस-३ मधलं वैद्यकीय प्रमाणपत्र. या प्रमाणपत्रात शरीर आणि मन धड असल्याचं आणि नशेची सवय नसल्याचं डॉक्टरने लिहायचं असतं. साधं फिटनेस सर्टिफिकेट जोडलं की फाइल परत येते. हत्यार हाताळण्याच्या प्रशिक्षणाबद्दल जिल्हा पोलीस मुख्यालयात आधीच विचारा.

अर्ज पडतो तो कारणाच्या रकान्यात. अर्जनवीस सवयीने लिहितो, "माझ्या जीवितास व मालमत्तेस धोका आहे." असं लिहिलेले अर्ज गृह शाखेत ढिगाने असतात. तुमचं कारण तारखांसह लिहा: घर गावापासून किती किलोमीटर, ठाणं किती लांब, कोणत्या तारखेला काय घडलं, एफआयआर किंवा अदखलपात्र तक्रारीचा क्रमांक काय, महिन्यातून किती वेळा रोख घेऊन कुठून कुठे जाता. व्यापारी असाल तर बाजार समितीचा परवाना आणि विवरणपत्रं जोडा. धमकी आली तेव्हा तक्रारच केली नसेल तर आधी ती करा. कागद नसलेली भीती तपासणीत टिकत नाही. सातबारा जोडायला हरकत नाही, पण जमीन कमी म्हणून नकार देता येत नाही: पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावर परवाना नाकारू नये असं शस्त्र अधिनियमाच्या कलम १४ मध्येच लिहिलं आहे. हे वाक्य फार थोड्या अर्जदारांना ठाऊक असतं.

मग फाइल एसपी ऑफिस, उपविभागीय अधिकारी असं करत तुमच्या ठाण्यात येते. बीट अंमलदार घरी येतो, शेजाऱ्यांचे जबाब घेतो, पोलीस पाटलाला विचारतो. भावकीत वाटणीचा दावा चालू असेल तर तो इथे निघणारच. लपवू नका, अर्जातच लिहा. लपवलेली माहिती नंतर परवाना रद्द करण्याचं कारण होते. नियमात ठाण्याच्या अहवालाला ३० दिवस आणि अहवाल आल्यावर निर्णयाला ६० दिवस दिले आहेत. प्रत्यक्षात त्याहून लांबतं, म्हणून आवक क्रमांक जपून ठेवा आणि लेखी स्मरणपत्र द्या. नकार आला तर कारणांची लेखी प्रत मागा आणि ३० दिवसांत अपील करा.

परवाना हातात आला की चार गोष्टी तिथेच उभं राहून वाचा: युआयएन क्रमांक (परवानाधारकाचा स्वतंत्र ओळख क्रमांक) आहे का, हत्याराचा प्रकार बरोबर आहे का, काडतुसांची मर्यादा किती, आणि क्षेत्र कोणतं. क्षेत्र फक्त जिल्ह्याचं असेल तर वरूडची बंदूक काटोलला न्यायची नाही. एक अमरावती जिल्ह्यात, दुसरं नागपुरात. मुदत पाच वर्षं. संपण्याच्या दोन महिने आधीच नूतनीकरणाचा अर्ज टाका. एका माणसाला जास्तीत जास्त दोन हत्यारं. २०१९ पूर्वी तीन चालायची.

परवाना माणसाचा असतो, घराचा नाही. जागलीला सालदाराच्या हाती बंदूक देणं, पोराने मित्रांसमोर फोटो काढणं, दोन्ही गुन्हेच. लग्नात किंवा मिरवणुकीत हर्षाने बार काढला तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. मंडई, जत्रा, शाळा, सभा इथे हत्यार न्यायचंच नाही. निवडणूक लागली की जमा करण्याचा आदेश येऊ शकतो. जमा केल्याची पावती घ्या. स्वसंरक्षणाच्या परवान्यावर रानडुक्कर मारता येत नाही, त्याला वनविभागाची परवानगी वेगळी लागते.

## घोडा कधी ओढता येतो

भारतीय न्याय संहितेची कलमं ३४ ते ४४ खासगी बचावाची आहेत. जुन्या दंड संहितेत ती ९६ ते १०६ होती. मृत्यू, जबर दुखापत, बलात्कार, अपहरण किंवा ॲसिड फेकण्याची वाजवी भीती असेल, तर कलम ३८ प्रमाणे हल्लेखोराचा जीव जाईपर्यंत बचाव करता येतो. मालमत्तेसाठी कलम ४१: जबरी चोरी, सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेतली घरफोडी, राहत्या घराला किंवा माल ठेवलेल्या इमारतीला आग लावणं, आणि मृत्यू किंवा जबर दुखापतीची भीती वाटावी अशी चोरी किंवा घरात घुसखोरी.

आता हे वावरात लावून पाहा. विहिरीवरची मोटर सोडवणारा चोर, केबल कापणारा, रात्री कापूस वेचून नेणारा, उभ्या गंजीला काडी लावून पळणारा: यांच्यावर जीव घेणारी गोळी झाडायचा हक्क नाही, जोवर तो तुमच्यावर उलटून येत नाही. माल ठेवलेल्या गोदामाची गोष्ट वेगळी, उघड्या गंजीची वेगळी. पाठ फिरवून पळणाऱ्यावर झाडलेली गोळी हा तर खटला हरण्याचा हमखास रस्ता. छर्रे पाठीत लागले की डॉक्टरचा अहवालच साक्ष देतो. शिवाय कलम ३७: पोलिसांची मदत घ्यायला वेळ होता तर हक्क नाही, आणि गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही. बचाव होता हे न्यायालयात दाखवायचं ओझं तुमच्यावर असतं, फक्त ते फिर्यादीइतकं जड नसतं. शक्यता तुमच्या बाजूने झुकली तरी पुरतं.

बार झालाच तर बंदूक उघडा आणि तशीच ठेवा. उडालेली काडतुसं उचलू नका, पहार, चप्पल, टॉर्च जिथे पडलं तिथेच राहू द्या. ११२ ला कळवा, जखमीसाठी १०८ बोलवा. तुमच्या अंगावर ओरखडा जरी असला तरी त्याच रात्री सरकारी दवाखान्यात नोंद करून घ्या. सकाळी सूज उतरते आणि पुरावाही उतरतो. पोलिसांना काय घडलं ते थोडक्यात सांगा, आणि तपशिलाच्या जबाबाआधी वकील बोलवा. हत्यार जप्त होईल, परवाना निलंबित होऊ शकतो. हे धरूनच चाला.

## ठेवणं

बंदूक एका कुलपात, काडतुसं दुसऱ्या. किल्ल्या एका जुडग्यात नकोत. चामड्याच्या म्यानात कायम ठेवू नका. पावसाळ्यात चामडं ओल धरतं आणि नळीवर आठवड्यात गंजाचे ठिपके येतात. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी, एरवी महिन्यातून एकदा, गजाला फडकं लावून नळी आतून पुसा आणि बंदुकीच्या तेलाचा पातळ हात द्या. घरात आहे म्हणून जवसाचं तेल लावू नका. जवस वाळतं, त्याची साय धरते, घोडा चिकटतो. याच गुणामुळे ते रंगात वापरतात. काडतुसाच्या पितळी बुडावर हिरवट डाग आले, कड फुगली किंवा कागदी काडतुसाचं अंग ओलसर लागलं, तर ते वेगळं काढून विक्रेत्याला द्या. आवाज दबका आला तर लगेच दुसरा बार काढायचा नाही: नळी उघडा, आत काही अडकलंय का ते आरपार पाहा.

आणि कुंभारीण माशी. भिंतीला, दाराच्या फटीत मातीचं घर करणारी ही माशी उघड्या नळीतही तसंच घर करते. दोन-तीन महिने न हलवलेल्या बंदुकीत तिची मातीची गुठळी वाळून दगड होते. वरून काही दिसत नाही. बार झाला की नळी त्या जागी फुगते किंवा फाटते. म्हणून दर वेळी उघडल्यावर नळीतून उजेडाकडे पाहा, गोल आणि स्वच्छ दिसला पाहिजे. तोंडाला कापडाचा बोळा घालून ठेवत असाल तर त्याला हातभर लाल फीत बांधा, घाईत तो आत राहून जातो.

म्हातारे गेले आणि त्यांची बंदूक कपाटात तशीच राहिली, असं गावोगाव दिसतं. ज्याच्या नावावर परवाना तो गेला की घरच्यांकडे ती विनापरवाना ठरते. दिवसवार झाले की लगेच ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा, पावती घ्या, आणि ज्या वारसाला हवी त्याने बाकी वारसांच्या ना-हरकतीसह स्वतःच्या नावाचा अर्ज करावा. म्हातारे हयात असतानाही हे होतं: धारकाचं वय ७० झालं किंवा हत्यार २५ वर्षं जवळ असलं की वारसाच्या नावे अर्ज करता येतो. कुणालाच नको असेल तर जमा केलेली बंदूक विक्रेत्यामार्फत विकता येते. विक्रीच्या कागदावर जुन्या परवान्याचा क्रमांक आणि घेणाऱ्याचा युआयएन दोन्ही आले आहेत ना, ते पाहूनच सही करा.